वजन उतरले, पण टिकले का नाही?

प्रश्न : माझे वय ४४ आहे. तीन वर्षांपूर्वी माझे वजन ८४ किलो होते. आहार मोजूनमापून घेऊन आणि रोज चालून मी दहा महिन्यांत ते ७० किलोवर आणले. त्यानंतर नेहमीचे जेवण सुरू केले, जास्त असे काही खाल्ले नाही, तरीही आज काटा ८१ दाखवतो. आता दिवसभर मी जेमतेम खाते, पण रात्री घरातले झोपल्यावर उभ्याउभ्या खात राहते आणि नंतर स्वतःची लाज वाटते. गेल्या वर्षापासून नैराश्यावरचे एक औषध सुरू आहे. ‘तुझ्यात जिद्दच नाही,’ असे माझे पती म्हणतात आणि मलाही ते पटू लागले आहे. तेच डाएट पुन्हा अधिक कडकपणे करावे, वजन कमी करणारी इंजेक्शने घ्यावीत, की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर :

स. न.

आपल्या पत्रात मला सर्वाधिक खटकले ते आपल्या पतींचे वाक्य, आणि ते आपल्याला पटू लागले आहे हे त्याहूनही अधिक. दहा महिने रोज चालून आणि घासन्‌घास मोजून जिने १४ किलो वजन उतरवले, तिच्यात जिद्द नाही असे म्हणायला कोणताही आधार नाही. आपल्या बाबतीत जे घडले तेच वजन उतरवणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत घडते, मग ते कोणत्याही देशाचे, वयाचे वा स्वभावाचे असोत. इतक्या निरनिराळ्या माणसांना इतका सारखा अनुभव येत असेल, तर त्याचे कारण एकेकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा सर्वांच्या शरीरात शोधणे अधिक योग्य ठरते. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन राखणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम आपण उत्तम केले. दुसरे काम पुढे उभे आहे आणि ते अधिक अवघड आहे, याची कल्पना मात्र आपल्याला कोणी दिलेली दिसत नाही. म्हणून आपल्या तीन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्या दुसऱ्या कामाबद्दल मी सविस्तर लिहीत आहे.

शरीरातील मेद हा टंचाईच्या काळासाठी जपलेला साठा आहे. हा साठा किती उरला आहे याची खबर मेंदूपर्यंत नेणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक मेदपेशींतूनच स्रवते. जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९९४ मध्ये त्याचा शोध लावला. मेद घटला की रक्तातील लेप्टिन घटते आणि साठा संपत चालला आहे असा अर्थ मेंदू काढतो. हे वजन आपण समजूनउमजून, आरोग्यासाठी उतरवले आहे, हे त्याला कळण्याची काही सोय नाही. त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी उपाय योजतो : ऊर्जेचा खर्च आखडता घेतो आणि भूक वाढवतो.

यांपैकी खर्चाविषयी लोक थोडेफार ऐकून असतात. शरीर हलके झाले की त्याला कमी ऊर्जा पुरते, यात नवल नाही. परंतु रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की, वजन दहा टक्क्यांनी उतरवून तेथे राखले असता, शरीर लहान झाल्यामुळे खर्च जितका घटायला हवा त्यापेक्षाही तो अधिक घटतो. विशेषतः चालणे-फिरणे, उठणे-बसणे अशा हलक्या हालचालींत स्नायू पूर्वीपेक्षा काटकसरीने इंधन वापरू लागतात. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच असल्याचे आढळले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे सरासरी ४१ किलो तोवर परत आलेले होते. हे उदाहरण टोकाचे आहे आणि आपल्याला ते जसेच्या तसे लागू होणार नाही. पण शरीर ही काटकसर किती दीर्घकाळ चालू ठेवू शकते, हे त्यातून कळते.

भुकेचा भाग माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मधुमेहासाठी कॅनाग्लिफ्लोझिन नावाचे एक औषध दिले जाते. ते रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे ते घेणाऱ्याच्या शरीरातून त्याच्या नकळत रोज काहीशे कॅलरी निघून जातात. हे लोक डाएट करत नसतात, स्वतःवर कसलेही बंधन घालत नसतात, तरीही त्यांचे वजन थोडे उतरते आणि मग थांबते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा रुग्णांच्या वर्षभराच्या माहितीवरून हिशेब मांडला. त्यात असे निघाले की, वजन जसजसे उतरते तसतशी दर किलोमागे रोजची भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते, तर खर्च दर किलोमागे २० ते ३० कॅलरींनीच घटतो. म्हणजे चयापचय मंदावण्यापेक्षा भुकेचा रेटा तीन ते पाच पट जोरदार असतो. हाच हिशेब अगदी ढोबळपणे आपल्याला लावला, तर ७० किलोवर पोहोचलेल्या आपल्या शरीराचा खर्च दिवसाला ३०० ते ४०० कॅलरींनी घटलेला होता आणि भूक मात्र पूर्वीपेक्षा हजाराहून अधिक कॅलरींची मागणी करत होती. हे सरासरीचे आकडे आहेत, ते आपल्या बाबतीत तंतोतंत खरे ठरतीलच असे नाही; पण आपण रोज कशाशी झगडत होतात, हे समजण्यासाठी ते पुरेसे आहेत.

ही भूक काही आठवड्यांत शमते, अशी समजूत असेल तर तीही दूर व्हायला हवी. मेलबर्नमधील संशोधकांनी अत्यल्प आहारावर दहा आठवडे ठेवून ज्यांचे वजन सरासरी १३ किलोंहून अधिक उतरवले होते, त्यांना वर्षभराने पुन्हा तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, वर्ष उलटूनही लेप्टिन कमीच होते, भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेलेच होते आणि त्या व्यक्तींना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. शिवाय वजन उतरते तेव्हा मेदपेशी आकसतात, त्यांची संख्या घटत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे प्रौढपणी ती जवळजवळ कायम राहते. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या व्यक्तींच्या १९८६ मधील प्रसिद्ध अभ्यासात, प्रौढपणीच्या त्यांच्या शरीरयष्टीचे साम्य जन्मदात्या आईवडिलांशी आढळले, वाढवणाऱ्यांशी आढळले नाही.

आता आपल्या पत्रातील ‘नेहमीचे जेवण सुरू केले’ या शब्दांकडे येऊ. आपण जास्त खाल्ले नाही हे आपले म्हणणे प्रामाणिक आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते नेहमीचे जेवण ८४ किलोच्या शरीराला पुरणारे होते. ७० किलोच्या शरीराला तेवढेच अन्न जास्त ठरते, आणि वर सांगितलेली काटकसर लक्षात घेता ते बरेच जास्त ठरते. हॉल यांच्याच २०११ मधील गणितानुसार रोजच्या आहारात कायमस्वरूपी २४ कॅलरींचा फरक पडला, तर कालांतराने वजनात सुमारे एका किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. २४ कॅलरी म्हणजे दोन-चार घास. इतका बारीक फरक डोळ्यांना किंवा पोटाला जाणवत नाही, आणि भूक वाढलेली असताना तो वरच्या बाजूलाच झुकतो. म्हणून काहीही वेगळे न करता वजन चढले, असे प्रामाणिक माणसालाही वाटते. याच कारणाने सहा-आठ महिन्यांनंतर काटा हलेनासा होतो : प्रयत्न तितकाच असतो, पण त्याच प्रयत्नात पोटात जाणारे अन्न हळूहळू वाढत गेलेले असते.

रात्रीच्या खाण्याबद्दल आपण लिहिलेत, ते लिहायला धैर्य लागले असेल. या बाबतीत आपल्याला १९४४-४५ मधील एका प्रयोगाची माहिती असावी असे वाटते. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हे तरुण तत्त्व म्हणून युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले आणि स्वेच्छेने प्रयोगात आलेले होते; निर्धाराची त्यांच्यात वानवा नव्हती. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, चिडचिडे आणि उदास झाले, आणि निर्बंध उठल्यावर त्यांच्यापैकी काही जण पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले. आपण दिवसभर जेमतेम खाता आणि रात्री हात आवरत नाही, यात मला तोच क्रम दिसतो. दिवसाची उपासमार रात्री वसूल होते, रात्रीच्या लाजेपोटी दुसऱ्या दिवशी आणखी कडक बंधन येते, आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. त्यामुळे आपण सर्वांत आधी करावयाची गोष्ट कदाचित आपल्याला उलटी वाटेल : दिवसा ठरलेल्या वेळी, पोटभर आणि पुरेशी प्रथिने असलेले जेवण घ्यावे. असे काही आठवडे करूनही आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा स्वतःवरचा ताबा सुटून खाल्ले जात असेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले असेल, तर त्याला खाण्याचा विकार म्हणून ओळखले जाते. त्यावर मानसोपचाराचा चांगला उपयोग होतो. आपले नैराश्यावरील उपचार सुरू आहेतच, तेव्हा त्याच डॉक्टरांना हे न संकोचता सांगावे.

त्याच भेटीत औषधाचाही विषय काढावा. नैराश्यावरील काही औषधांनी भूक आणि वजन वाढते, काहींनी फारसे वाढत नाही. आपले औषध कोणते आहे ते आपण कळवलेले नाही, पण वजन चढण्याचा वेग औषध सुरू झाल्यावर वाढला का, हे आठवून तारखांसह डॉक्टरांना सांगता आले तर त्यांना पर्याय निवडणे सोपे जाईल. औषध स्वतःहून मुळीच बंद करू नये. वजनाच्या चिंतेपायी नैराश्य उलटणे हे कितीतरी मोठे नुकसान आहे. थायरॉइडची तपासणी अलीकडे झालेली नसेल तर तीही करून घ्यावी.

तेच डाएट आणखी कडकपणे करावे का, या आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. रात्रीचे खाणे सुरू असताना तर नाहीच. कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यांत काटा झरझर उतरतो, त्यातला मोठा भाग ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर, धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो, आणि पुढे मेदाबरोबर स्नायूही झिजतात. कोणते डाएट करावे याबद्दल जे वाद चालतात ते मला गरजेपेक्षा फार मोठे वाटतात. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्धांशाचा आणि कमी कर्बोदकांचा आहार यांची वर्षभर तुलना केली गेली, तेव्हा दोन्ही गटांचे सरासरी पाच ते सहा किलो वजन उतरले आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आपल्याला जो आहार पाच वर्षांनंतरही जड वाटणार नाही, तो आपल्यासाठी योग्य. आहार आखताना ‘वजन उतरेपर्यंत’ असे शब्द मनात आले, तर तो आहार चुकीचा आहे असे खुशाल समजावे.

उद्दिष्टही मी लहान सुचवीन. ७० चा आकडा तूर्त बाजूला ठेवावा. आजच्या वजनाच्या पाच टक्के म्हणजे साधारण चार किलो उतरवून ते राखले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम होतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम यांनी सरासरी साडेपाच किलोंच्या आसपासच वजन उतरलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पुढे त्या गटातील बहुतेकांचे वजन परत चढले, तरी दहा वर्षांनंतरही त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होते. आपले ते दहा महिने वाया गेले असे आपल्याला वाटत असेल, तर ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

राखण्याच्या कामात व्यायामाला जे स्थान आहे ते उतरवण्याच्या कामात नाही. नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, याची अनेकांना निराशा येते आणि ते व्यायाम सोडतात. परंतु वर उल्लेखिलेल्या स्पर्धकांपैकी ज्यांनी वजन टिकवले, त्यांचा चयापचय काही कमी मंदावलेला नव्हता. त्यांची रोजची हालचाल मात्र इतरांपेक्षा बरीच वाढलेली राहिली होती. अमेरिकेत १९९४ पासून, किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यांतील लोक रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. हे स्वतःहून पुढे आलेले यशस्वी लोक आहेत, त्यामुळे त्यांच्या सवयी हे सिद्ध झालेले औषध समजू नये, तरी दिशा म्हणून त्या उपयोगी आहेत. आपले चालणे पुन्हा सुरू करावे आणि स्नायू टिकावेत यासाठी आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा किंवा तत्सम ताकदीचा व्यायाम त्याला जोडावा. झोपेकडेही दुर्लक्ष करू नये. शिकागो येथे २०१० मध्ये दहा जणांवर झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात, तोच आहार असताना साडेआठऐवजी साडेपाच तासच झोपायला मिळाल्यावर मेद कमी आणि स्नायू अधिक झिजल्याचे दिसले.

इंजेक्शनांविषयी मनात अपराधी भाव बाळगण्याचे कारण नाही. सेमाग्लुटाइडसारखी औषधे जेथे खरी अडचण आहे त्या भुकेवरच काम करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. मात्र त्याच चाचणीतील काही जणांचे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. मला हे औषधाचे अपयश वाटत नाही. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला तर कोणी रुग्णाच्या जिद्दीला दोष देत नाही. हेही तसेच आहे. म्हणून हे औषध सुरू करताना ते दीर्घकाळ घ्यावे लागेल, त्याचा खर्च दीर्घकाळ परवडायला हवा, आणि मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ यांसारखे त्रास होऊ शकतात, हे धरूनच निर्णय घ्यावा. कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग कोणाला झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. सहा महिन्यांत समारंभासाठी बारीक व्हायचे आणि मग औषध सोडायचे, असा विचार असेल तर मी आपल्याला त्यापासून परावृत्त करीन.

आपल्या पतींशीही एकदा बोलावे. त्यांना हे पत्रच वाचायला दिले तरी चालेल. घरात टोमणे बसू लागले की माणूस चोरून खाऊ लागतो, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही. त्यांना मदत करायची असेल तर त्यांनी आपल्याबरोबर चालायला यावे, घरात हाताशी काय ठेवायचे हे दोघांनी मिळून ठरवावे, आणि आपल्या ताटाकडे व काट्याकडे पाहणे थांबवावे.

नाद सोडून देण्याचा आपला तिसरा प्रश्न मी अर्धा मान्य करतो. वजन उतरवण्याचा नाद पुढील तीन महिने जरूर सोडावा. या काळात वजन ८१ च्या वर जाऊ न देणे एवढेच काम करावे; दोन-एक किलोंचा चढउतार पाण्यामुळे होत असतो, तो मोजू नये. दिवसा नीट जेवून रात्रीचे खाणे किती कमी होते, औषधाबद्दल डॉक्टर काय म्हणतात आणि तपासण्यांत काय निघते, हे तोवर स्पष्ट होईल. पुढील चार किलो आहाराने उतरवायचे की औषधाच्या मदतीने, हे त्यानंतर डॉक्टरांसह ठरवावे.